भुजंगप्रयातात चालणारा ट्रॅक्टर

१२ ऑगस्ट २०१८, रविवार. सकाळी सहा.

डु-डाक-डाक, डु-डाक-डाक. आज उठता उठता पुन्हा ऐकू आला. आमच्या गावच्या मळेवाल्या भाऊसाहेबांचा ट्रॅक्टर, सन छप्पन. आमच्या चौथीच्या वर्गामागच्या वाटेने तो मळ्याकडे जायचा. गुरुजी तेव्हा कविता थांबवत नसत, उलट त्याच्या ठेक्यावर सगळ्या वर्गाला म्हणायला लावत. एक लघु, दोन गुरू. भुजंगप्रयात. एकच सिलिंडर, उभं धुराडं, त्यातून धुराचं एकेक गोल वेटोळं. एवढा शुद्ध वृत्तात चालणारा दुसरा ट्रॅक्टर तालुक्यात नव्हता. (दुसरा ट्रॅक्टरच नव्हता. तो मुद्दा वेगळा.)

नीलाला लहानपणी दिल्लीत आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये हेच वृत्त शिकवलं होतं. दाराची बेल ती तशीच वाजवायची, एक छोटी, दोन लांब. शेजारचे म्हणत, पोरगी शाळेतून येते की तार येते?

काल तिचा फोन होता. दिंडोरीजवळ द्राक्षाची चार एकर बाग ती आता एकटीच बघते. ऑक्टोबरात छाटणी झाली की औषध फवारावं लागतं, आणि ढग आले की सगळ्या गावाला एकाच दिवशी भाड्याचा ट्रॅक्टर हवा असतो. मागच्या वर्षी हिचा नंबर तिसऱ्या दिवशी लागला. निम्मी बाग डाउनीच्या बुरशीने गेली. तक्रार करत नव्हती, नुसती सांगत होती.

मी म्हणालो, ट्रॅक्टर मी पाठवतो.

ती म्हणाली, अच्छा. वीस वर्षं नाशकाकडे राहूनही तिचं दिल्लीतलं अच्छा गेलेलं नाही.

म्हणून ही वही.


१३ ऑगस्ट

ट्रॅक्टरविषयी मला नाही विचारायचं तर कुणाला? दिल्लीच्या कृषी मंत्रालयात ट्रॅक्टरच्या कोट्याचं टेबल कितीतरी वर्षं माझ्याकडे होतं. पंजाबचा अर्ज कसा, विदर्भाचा कसा, हे मी पाकीट न फोडता सांगत असे. चालवला कधीच नाही. न्यायाधीश काय चोरी करून बघतो?

आज सिद्धांत मांडला. उत्तरेत माणसाला मोठा ट्रॅक्टर लागतो. छोटा असला तर लग्न जमत नाही. नाशकाकडे द्राक्षांच्या ओळींतून जायला छोटाच लागतो, म्हणून तिकडे छोट्या जुन्यालाही नव्याचा भाव. तेव्हा जिथे कुणाला नको तिथे घ्यायचा, जिथे सगळ्यांना हवा तिथे पाठवायचा. इतकी साधी गोष्ट आजवर कुणालाच सुचली नाही, याचं आश्चर्य वाटायला हवं होतं. वाटलं नाही. हल्ली वाटत नाही फारसं काही.

हेमलताला सांगितलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, अहो, तुम्हाला स्कूटर स्टँडला लावता येत नव्हती. हा मुद्दा चर्चेला धरून नाही.

ठरलं: गणपतीच्या आत ट्रॅक्टर. रोज अर्धा तास फिरणं. आणि रविवारी नीलाशी सूर्यकांतविषयी बोलणं. जावई जाऊन दुसरा पावसाळा आला आणि मी तिच्याशी त्याच्याविषयी एक वाक्य बोललेलो नाही. तेराव्याला गेलो तेव्हा मांडवाच्या सावलीत बसून होतो, कुणी चहा दिला की घेत होतो. वाक्य तयार आहे. सुरुवात तेवढी बसत नाही.


१९ ऑगस्ट, रविवार

नीलाशी बोललो. टायरांविषयी. मागच्या टायरच्या नक्षीवरून माती कशी ओळखावी, हे मी तिला सविस्तर सांगितलं. ती ऐकून घेते, हा तिचा मोठा गुण. शेवटी म्हणाली, बाबा, एक लक्षात ठेवा. आमचा मांडव माझ्या खांद्याला लागतो. ट्रॅक्टर त्याच्याखालून जायला हवा. धुराडं आडवं असलेलाच बघा, आणि अंगाने बारीक.

मी म्हणालो, बिल्कुल.

सूर्यकांतचं राहिलं. पुढच्या रविवारी.

फिरणं: पाऊस होता. निदान आभाळ तसं होतं.


२५ ऑगस्ट, शनिवार

हापुडला जाऊन आलो. सोबत अण्णासाहेब. मंत्रालयात माझ्या शेजारी त्यांचं मळणीयंत्राचं टेबल होतं. आता कानाला यंत्र लावतात आणि बॅटरी वाचवायला बंद ठेवतात. डब्यात पोहे घेऊन मेट्रोने आले, तिथून बस. वाटेत म्हणाले, भालबा, आपण दोघांनी मिळून आजवर एकच मशीन चालवलंय, फायलींना भोकं पाडायचं पंचिंगचं. एवढं बोलून झोपले.

उत्तर प्रदेशाचं निरीक्षण: इथला प्रत्येक ट्रॅक्टर एकाच हातचा असतो. दलाल म्हणाला, एक हाथ का है बाबूजी, बस ताऊजी ने चलाया. शेजारचा? तोही ताऊजीने. ताऊजींनी एकट्याने साऱ्या जिल्ह्याचा ऊस वाहिलेला दिसतो. क्लच पार गेलेले. रंग मात्र लाल, इतका ताजा की अण्णासाहेब टेकून उभे राहिले आणि त्यांच्या पांढऱ्या शर्टावर अर्धं बॉनेट छापून आलं. दलाल म्हणाला, देख लो, पेंट ओरिजिनल है, छूटता है.

मी प्रत्येक इंजिन चालू करून डोळे मिटून ऐकलं. सगळी गद्य.

बसमध्ये बायका अण्णासाहेबांच्या पाठीकडे बघून सरकून बसत होत्या. त्यांना कळलं नाही. मी सांगितलं नाही. पोहे चांगले होते.


२ सप्टेंबर, रविवार

पंजाबातल्या एकाशी फोनवर बोललो. तिकडे म्हणे रविवारी जुन्या ट्रॅक्टरांचा बाजार भरतो, गुरांचा भरतो तसा. या माणसाकडे जपानी ढंगाचा अगदी बुटका ट्रॅक्टर आहे, धुराडं आडवं. पण विचारायच्या आधीच त्याने दोष सांगायला सुरुवात केली. भाताच्या चिखलात चालल्यामुळे पुढचं सील गेलेलं. लिफ्ट हळू उठते. एक दिवा नाही. मडगार्डला मुलाने ठोकर दिलेली. भाव एकच, घासाघीस नाही, सोबत कागद सगळे.

इतके दोष जो आपणहून सांगतो तो त्याहून मोठा काहीतरी लपवत असणार. तीस वर्षांची नोकरी उगाच नाही केली. नाही म्हणून कळवलं.

नीलाशी बोललो. पंजाबी माणसाच्या स्वभावाविषयी.


९ सप्टेंबर, रविवार. दुपारी चार, झज्जरच्या पुढच्या एका गावातून परतताना, बसमध्ये.

सापडला.

सविस्तर लिहितो, अक्षर हलतंय. हरयाणात ट्रॅक्टर विकत घेता येत नाही, आधी पाहुणा व्हावं लागतं. लस्सीचा पहिला ग्लास होईपर्यंत कुणी कामाचं बोलत नाही. दुसरा ग्लास नको म्हणालो तर रणधीर, म्हणजे विकणाऱ्याचा मुलगा, दुखावला. त्याने आधी त्याचा नवा ट्रॅक्टर दाखवला. घराएवढा. त्याला एवढे मोठे स्पीकर की नांगरताना जमीन आपणच उकरली जात असेल. मी विचारलं, छोटा? तो म्हणाला, छोटा तो अंकल जी, खिलौना है, दिखाने में शर्म आवै. आणि गोठ्यामागे घेऊन गेला.

सीटवर कोंबडी बसली होती. खाली दोन अंडी. फिकट निळा, एका सिलिंडरचा, साठ-सत्तरच्या सुमाराचा. आणि धुराडं. उभं.

रणधीरचे वडील दरियाव सिंह बाजेवरून उठून आले. पांढरा फेटा, माझ्याच वयाचे. कोंबडीला बाजूला केलं, सीटवरून हात फिरवला, हँडल लावलं, काहीतरी पुटपुटले आणि एका झटक्यात फिरवलं.

डु-डाक-डाक. डु-डाक-डाक.

मी तिथे उभा होतो आणि सहासष्ट सालापासूनची सगळी दिल्ली मागे गेली. गुरुजींची खडूची बोटं दिसली. एकही मात्रा कमी नाही, जास्त नाही.

अण्णासाहेबांनी या वेळी यंत्र चालू ठेवलं होतं. माझ्या कानाशी येऊन ओरडले, भालबा, धुराडं उंच आहे हो. तुमच्या मुलीने काय सांगितलं होतं? मी म्हणालो, छोटा आहे. ते म्हणाले, कुणाच्या मानाने? रणधीरच्या ट्रॅक्टरशेजारी तो खरंच एवढासा दिसत होता. मी तसं दाखवलं. ते म्हणाले, हत्तीशेजारी म्हैस पण बाळ दिसते. मग यंत्र बंद करून टाकलं.

दरियाव सिंहांनी विचारलं, जाएगा कहाँ? मी सांगितलं, नासिक, अंगूर के बाग में. ते म्हणाले, अंगूर में टैक्टर का के काम? अंगूर तो पेटी में आवैं. मग रणधीरला म्हणाले, दे दे, भट्ठेवाले तै तो अच्छा सै. म्हणजे भंगार वितळवणाऱ्याला देण्यापेक्षा बरं. बोलता बोलता फेट्याच्या शेवाने डोळे पुसले. मला काही वाटलं नाही. तिसरा ग्लास घेतला.

किंमत इथे लिहीत नाही. लिहिली की खरी होते.


१३ सप्टेंबर, गणेशचतुर्थी

ठरल्याप्रमाणे गणपतीच्या आत सौदा. निश्चय पाळला गेला, याची नोंद करतो. ट्रॅक्टर अजून गोठ्यामागेच आहे, पण तो पोहोचण्याचा प्रश्न, सौद्याचा नाही.

हेमलताने फोटो बघितला. म्हणाली, हे काळं उभं काय आहे? मी म्हणालो, तिथूनच कविता येते. तिने फोटो पुन्हा बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग मोदकाची उकड काढायला गेली. जाताना म्हणाली, हल्ली सहाला उठता, बरंय. याचा इथे काय संबंध, कळलं नाही.


२२ सप्टेंबर, शनिवार

परवापासून श्राद्धपक्ष, मग रणधीर काही हलवणार नाही, म्हणून आज पहाटे घेऊन आला. आपल्या घराएवढ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवून, वरून भुसा. कारण दहा वर्षांवरचं डिझेलचं वाहन इकडे चालू देत नाहीत. हा पन्नास वर्षांचा. पोलिसाने अडवलं असतं तर काय सांगणार होतास, विचारलं. म्हणाला, भैंसों का चारा. आणि खालचं? तो म्हणाला, भैंस.

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत, टॉवर बीच्या पार्किंगमध्ये, आमच्या जुन्या मारुतीच्या जागेवर उतरवला. मारुतीचं कव्हर घातलं. थोडं अपुरं पडतं.

गार्ड म्हणाला, अंकल, ये क्या है? मी म्हणालो, एक-दोन दिवस. नासिक जाना है. त्याने रजिस्टरमध्ये लिहिलं: गेस्ट.

रणधीर गेल्यावर हँडल फिरवलं. नाही.


२३ सप्टेंबर, रविवार

नाही.

नीलाला मात्र कळवलं, घेतला. ती म्हणाली, खरंच? मग म्हणाली, बाबा, धन्यवाद. मुलीने धन्यवाद म्हणायची पद्धत आमच्यात नाही. मी तिला हरयाणात लस्सी कशी घुसळतात ते सांगितलं.


२५ सप्टेंबर

तीन ट्रान्सपोर्टवाल्यांकडे गेलो. तिघांनी पहिला शब्द एकच उच्चारला: पेपर. रणधीरला फोन लावला. म्हणाला, अंकल जी, कागज तो दादा के संदूक में थे, संदूक बाढ़ में. कोणता पूर? त्याला आठवेना. दरियाव सिंहांना विचारून सांगतो म्हणाला.

चौथा ट्रान्सपोर्टवाला समजूतदार होता. म्हणाला, काट के भेज दो, कबाड़ में बिल्टी बन जाएगी, वहाँ जोड़ लेना. बिल्टी म्हणजे माल पाठवल्याची पावती.

त्याच्याकडे पाणी प्यायलं होतं, म्हणून काही बोललो नाही.

शिवाय पितृपक्षात पाठवायचा नाहीच. उशीर हा मुहूर्ताचा आहे, माझा नाही.


३० सप्टेंबर, रविवार

हेमलताच्या शिवणाच्या टेपने मोजला. धुराड्याचं टोक माझ्या डोक्याच्या वर हातभर जातं. रुंदीही नीलाने सांगितल्यापेक्षा जास्त. टेप दोनदा लावला. हेमलता बाल्कनीतून बघत होती.

घाबरण्यासारखं काही नाही. मांडव म्हणजे खांब आणि तारा. खांब उंच करता येतात. वेल मुळात लवचिक असते, हे आपण शाळेतल्या कवितांपासून शिकत आलो. नीलाला सांगून पाहावं की ओळी थोड्या लांब लांब घ्याव्या. आज फोनवर सांगणार होतो. तिने विचारलं, जेवलात का. जेवलो म्हणालो.

मांडव सूर्यकांतने स्वतः उभा केला होता. आत्ता लिहिताना आठवलं.


३ ऑक्टोबर

मेकॅनिक आणला. त्याने कव्हर वर करून बघितलं, खाली सोडलं, पुन्हा वर केलं. म्हणाला, अंकल, ये तो म्यूज़ियम का माल है. दुरुस्त होईल का? होईल, पण ही चिमणी कापून पाइप खालून मागे काढू, नवीन सायलेन्सर टाकू, आवाज पण बंद होईल. तो हे आमिष म्हणून सांगत होता.

मी विचारलं, आवाज कसा येईल? तो म्हणाला, जैसे सबका आता है.

नको म्हणालो. धुराडं कापलं असतं तर कदाचित बागेत गेला असता, हे मला कळतं. पण मग पाठवायचं काय?

दरियाव सिंहांना फोन केला, चालू कसा करायचा. ते खूप आनंदले. म्हणाले, सुबै सुबै उसनै गाली मत देणा. आधा चक्कर उल्टा, फेर सीधा, फेर बोलो, चल भाई. भाई हरयाणवीतच म्हणायचं का, विचारलं. ते म्हणाले, म्हारे धोरे तो यो ही समझै.

हरयाणवीत म्हणून बघितलं. मराठीतही. गार्ड ऐकत होता.


८ ऑक्टोबर, सोमवार. सर्वपित्री.

नीलाचा फोन. छाटणी दसऱ्यानंतरच्या सोमवारी. मजुरांची टोळी ठरली. बाबा, ट्रॅक्टर निघाला का? नसेल तर राहू द्या, मी इकडे बघते.

मी म्हणालो, निघाला.

शब्द तोंडून गेला, मग मी घड्याळ बघितलं. श्राद्धपक्ष संपतच आला होता, म्हणजे निघायला हरकत नव्हती. म्हणाली, कुठवर? म्हटलं, पलवलच्या पुढे.

ती म्हणाली, अच्छा.


९ ऑक्टोबर

ग्वाल्हेर. शाळेतला अॅटलास काढला, आग्रा-मुंबई रस्त्यावर पेन्सिलने खुणा केल्या. हिंदुस्थान किती देखणा आहे, हे आपण विसरतो.

ट्रॅक्टरला आज उलटा अर्धा फेरा दिला तेव्हा त्याने एकदा ठक् केलं. प्रगती.


११ ऑक्टोबर

शिवपुरी. टोल नाक्यावर रांग. नीलाने विचारलं, ड्रायव्हर कसा आहे? म्हटलं, सज्जन आहे. नाव? गुणवंत. एकदम तोंडात आलं. बरं झालं, मराठी निघाला.


१३ ऑक्टोबर, शनिवार

इंदूर. गुणवंतला इंदुरात पोहे खायला थांबावंसं वाटलं. त्याला नाही म्हणवेना.

अण्णासाहेबांचा फोन. ट्रॅक्टर गेला का, विचारलं. मी म्हणालो, इंदूरला आहे. ते म्हणाले, काय? मी पुन्हा म्हणालो. ते म्हणाले, मंदिरात? राहू द्या म्हटलं.


१४ ऑक्टोबर, रविवार

आज सूर्यकांतविषयी बोलायचं नक्की होतं. वाक्य कागदावर लिहून समोर ठेवलं. नीलाने फोन उचलला, पण मागे कसला तरी आवाज चालू होता. बारीक, जलद, एकसारखा, कामात असलेला. ती त्याच्यावर ओरडून बोलत होती. मग बाजूला तोंड करून कुणाला तरी म्हणाली, बंद कर रे, बंद कर, बाबांचा फोन आहे. आवाज लगेच बंद झाला.

विचारलं, काय होतं? ती म्हणाली, फवारणीचं, चालू करून बघत होतो.

छोट्या ट्रॅक्टरसारखा वाटला. शेजाऱ्याचा असावा. शेजारी चांगले आहेत. वृत्त ओळखता आलं नाही, पण चुकतही नव्हतं.

तिला सांगितलं, ट्रक सेंधव्याला. तिने विचारलं, गुणवंत जेवला का? फोन ठेवावासा वाटत नव्हता. वाक्याचा कागद चहाच्या कपाखाली गेला होता.

जेवताना हेमलताने विचारलं, ट्रक कुठवर आला हो? तोंड अगदी सरळ होतं. बाल्कनीतून तर खालचं कव्हर दिसतं. तिची नजर अलीकडे कमी झाली असावी. डॉक्टरकडे न्यायला हवं.


१६ ऑक्टोबर

धुळे. पंक्चर. पंक्चरमध्ये एक दिवस मिळाला.


१७ ऑक्टोबर, बुधवार

मालेगाव. रणधीरचा फोन आला, कागदांचं नाही. दरियाव सिंहांनी विचारलंय, नासिक पहुँच गया के? मी म्हणालो, बस, पहुँचनेवाला है. पलीकडून म्हातारा म्हणाला, उसनै राम राम कह देणा.

खाली जाऊन सांगितला.

आता मालेगावपासून नाशकापर्यंत अॅटलासात पेन्सिल ठेवायला एकच जागा आहे.


१८ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा. सकाळी साडेसात.

ट्रॅक्टरला झेंडूचा हार, हळदकुंकू. गार्ड म्हणाला, अंकल, मशीन की पूजा तो विश्वकर्मा पे हो गई, पिछले महीने. सांगितलं, तुमच्याकडे तेव्हा, आमच्याकडे आज. म्हणाला, और हरियाणेवालों में? मी म्हटलं, दिवाळीनंतर. तो म्हणाला, मतलब तीनों टाइम नहीं चलेगा. त्याचा हेतू वाईट नव्हता.

सोनं म्हणून कोपऱ्यावरच्या कचनाराची पानं तोडून आणली. आपटा इथे मिळत नाही. पान तसंच मधोमध दुभंगलेलं असतं. दिल्लीतली आम्ही सगळी मराठी माणसं इतकी वर्षं हेच एकमेकांना देतो आणि सोनं म्हणतो.

आज नीलाला फोन करून सांगायचं: चांदवड. तिथे घाट आहे. घाटात ट्रक बंद पडू शकतो. गुणवंत आजारी पडू शकतो. सोमवारी छाटणी. मंगळवारी तिला फवारणीला काहीतरी लागेल, आणि ते चांदवडला असेल. टोळी ठरवून बसलेली, त्यामुळे तिला बाग सोडून कुठे जाता येणार नाही, हे एक बरं.

फोनवर आधी ट्रकचं सांगावं की आधी ते वाक्य? वाक्याची सुरुवात आज जवळजवळ बसत आलीय. सूर्यकांत असता तर. असता तर काय? पुढचं

बेल वाजली. एक छोटी, दोन लांब.

गार्ड इंटरकॉम करतो. दूधवाला पिशवी अडकवून जातो. अण्णासाहेब दार ठोठावतात, बेलचा आवाज त्यांना स्वतःला येत नाही म्हणून. हेमलता आतून म्हणाली, उघडा हो, माझे हात पुरणाचे आहेत. सकाळी सकाळी आम्हा दोघांसाठी पुरण कशाला घातलं होतं, हे मी विचारलंच नव्हतं.

नऊ वाजता. पुढे लिहितो.

नीला. खांद्याला पिशवी, नखांत बागेची माती, सकाळच्या गाडीने आलेली. हातात आपट्याची डहाळी, खऱ्या आपट्याची. पाया पडायला वाकली. मी म्हणालो, अगं, तू इथे, आणि ट्रक तिकडे चांदवडला पोहोचतोय, उतरवून कोण घेणार?

तिने एक पान माझ्या हातावर ठेवलं. म्हणाली, बाबा, चांदवड बघूनच वर आले. सूर्यकांत असता तर पोट धरून हसला असता.

मग चप्पल काढता काढता म्हणाली, कव्हर लहान पडतंय हो.